दोन डायलिसिसच्या मधलं ताट

ताई, नमस्कार. मी बार्शीजवळच्या एका गावातून लिहिते. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत. अठरा वर्षं साखरेचा आजार. त्यात किडन्या गेल्या आणि गेले पाच महिने डायलिसिस चालू आहे, मंगळवार, गुरुवार, शनिवार. वजन ५८ किलो. लघवी दिवसाला जेमतेम ३०० मिली होते. मामा माळकरी आहेत, अंडं-मटण आमच्या घरात येत नाही. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून आहाराचा कागद मिळाला होता. डाळ अर्धी वाटी, दूध-पनीर बंद, भाज्या उकडून. तो मी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलाय आणि अगदी काटेकोर पाळते. तरी मागच्या महिन्यात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, कमी निघालं, २.९. सोमवारी एकादशी होती आणि मंगळवारी पोटॅशियम ६.१ आलं. सिस्टर रागावल्या, काय खायला घातलं म्हणाल्या. मी फक्त उपासाचं दिलं होतं: दोन रताळी, एक केळं, चार खजूर, शेंगदाण्याचा लाडू, आणि शेजारच्या काकांनी प्रेमानं आणलेलं शहाळं. मीठ कमी व्हावं म्हणून आता कमी सोडियमचं मीठ आणलंय, ते तरी चालेल ना? फॉस्फरसची गोळी जेवण झाल्यावर तासाभरानं आठवणीनं देते. घरात आठ माणसं. मामांचं वेगळं, पोरांच्या डब्याचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं, असा तीनदा स्वयंपाक होतो. आणि मामा दोन घास खाऊन ताटावरून उठतात. परवा म्हणाले, असलं खाऊन जगायचं कशाला. काय करू?
— एक सून, बार्शी तालुका

आधी ते मीठ. पुढचं नंतर वाचा, आत्ता उठा आणि तो पुडा मामांच्या स्वयंपाकातून बाजूला काढा. कमी सोडियमच्या मिठात सोडियम कमी करतात, पण खारटपणा राहावा म्हणून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घालतात. धडधाकट माणसाची किडनी ते पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकते. मामांची किडनी ते काढू शकत नाही. तुम्ही काळजीपोटी आणलेली ती वस्तू त्यांच्यासाठी घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. साधंच मीठ वापरा, मोजून. सैंधवही शेवटी मीठच, उपासाला घातलं तरी ते त्याच मापात धरायचं.

आता ६.१ बद्दल. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कधीकधी आधी काहीच जाणवत नाही. म्हणून मामांचे पाय एकाएकी लुळे वाटले, हातापायांतली ताकद गेल्यासारखं झालं, छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटलं, तर पुढच्या डायलिसिसची वाट बघायची नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा आणि डायलिसिसचा पेशंट आहे हे दारातच सांगायचं, म्हणजे आधी ईसीजी काढतील.

सिस्टर रागावल्या म्हणून तुम्ही मनाला लावून घेतलंय हे पत्रात दिसतं. तुमच्याकडून निष्काळजीपणा झालेला नाही. उपासाचं ताट आपल्याला हलकं, सात्त्विक वाटतं, आणि तेच ताट पोटॅशियमनं सगळ्यात जड असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. एका मध्यम रताळ्यात ४०० मिलीग्रॅमच्या आसपास, केळ्यात तेवढंच, एका शहाळ्यात ५०० च्या आसपास. खजूर आणि शेंगदाणे वर. मामांसारख्या माणसाची दिवसभराची मर्यादा साधारण २००० ते २५०० मिलीग्रॅम असते, आणि ती एवढ्यातच संपत आली होती. लाडू गुळाचा असेल तर गुळातही साखरेपेक्षा कितीतरी जास्त पोटॅशियम असतं. त्यात तो सोमवार होता. शनिवारी डायलिसिस झालं, मग रविवार, सोमवार दोन दिवस मोकळे. आठवड्यातला हा लांबलेला खंड सगळ्यात नाजूक. बाकीच्या दिवशी एखादं चुकलं तर दुसऱ्या दिवशी मशीन सावरून घेतं, रविवारी चुकलं तर मंगळवारपर्यंत सावरणारं कोणी नाही. म्हणून मी डायलिसिसच्या प्रत्येक घराला सांगते, कॅलेंडरवर त्या दोन दिवसांभोवती लाल पेनानं चौकट काढा.

उपास सोडा असं मी मामांना सांगणार नाही. आयुष्यभर एकादशी धरलेल्या माणसाला ते सांगणं म्हणजे त्याच्या हातातली आणखी एक गोष्ट काढून घेणं. पण निर्जळी किंवा निरंकार मात्र नको. डायलिसिसच्या पेशंटनं खूप तास काहीच खाल्लं नाही, तरी शरीरातलं इन्सुलिन कमी पडून पेशींमधलं पोटॅशियम रक्तात येतं, म्हणजे न खाऊनही ते वाढतं. शिवाय त्यांना साखर आहे, उपाशी राहून ती एकदम उतरायची भीती वेगळीच. एकादशीला भगर करा. वरीचे तांदूळ धुऊन, तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, थोडं ओलं खोबरं, शेंगदाण्याचं कूट एक चमचा, त्याहून जास्त नाही. सोबत वाटीभर दही आणि घरचं पनीर तुपात परतून. संध्याकाळी सफरचंदाच्या चार फोडी. साबुदाण्याची खिचडी चालेल, पण बटाटा न घालता आणि कूट बेतानं. साबुदाण्यानं साखर भराभर चढते म्हणून लहान वाटी. पांडुरंगाला हे चालतं, यावर मामांशी माझ्या नावानं वाद घाला.

आणि शहाळं आणणाऱ्या काकांना हात जोडून सांगा, यायचं तर या, पण शहाळं नको. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं, मोसंबी आणि केळी न्यायची पद्धत आहे, आणि डायलिसिसच्या माणसाला या तिन्ही गोष्टी नकोत. न्यायचंच असेल तर सफरचंद, नासपती किंवा थोडी जांभळं न्यावीत.

आता दाराला चिकटवलेला कागद. तो खोटा नाही, पण जुना आहे. दोन वर्षांपूर्वी मामांच्या किडन्या थोड्याफार चालत होत्या. त्या थकल्या किडन्यांवर प्रथिनांच्या कचऱ्याचा भार पडू नये म्हणून तेव्हा डाळ, दूध मोजून दिलं, किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं. डायलिसिस सुरू झालं त्या दिवशी हा हिशेब उलटा होतो. आता कचरा मशीन काढतं, आणि काढताना चांगलंही घेऊन जातं. दर वेळी ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे खाल्लेल्या प्रथिनांचीच रूपं, मशीनच्या पाण्यातून वाहून जातात. म्हणून आता मामांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५८ ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. जुन्या कागदाप्रमाणे त्यांना मिळतायत तीस-पस्तीस. अल्ब्युमिन २.९ येण्यामागे इतर कारणंही असू शकतात, अंगात कुठे जंतुसंसर्ग असला तरी ते उतरतं, तेव्हा डॉक्टरांना ते तपासू द्या. पण ताटाकडे बघून मला वाटतं, तुमचे मामा अर्धपोटी आहेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू करून आठ वर्षं झाली होती, तेव्हा २००९ साली माझ्या आईचं डायलिसिस सुरू झालं. घरात मुलगीच आहारतज्ज्ञ म्हटल्यावर पथ्याला काय कमी. मी पोटॅशियमच्या भीतीनं एकेक पदार्थ काढत गेले. डाळ कमी, दही बंद, वांगं बंद, शेंगदाणा बंद. रिपोर्ट छान यायचे. वजनही दर वेळी तेच, डायलिसिस संपल्यावर ५१ किलो. मी समाधानी होते. तिचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी, डाव्या हाताला होता, म्हणून दोन सोन्याच्या बांगड्या उजव्या हातात असायच्या. एका दुपारी ती देवासमोर निरांजन ओवाळत होती, आणि त्या बांगड्या मनगटावरून घसरून थेट कोपरापर्यंत गेल्या. मी तिचा दंड हातात धरून पाहिला. माझा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं. काटा ५१ दाखवत होता, पण त्यातलं मांस गेलं होतं आणि त्याच्या जागी पाणी भरलं होतं. रात्री उशी उंच घेतल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती, ती याच पाण्यामुळे. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. ते आम्ही कोणीच सहा महिन्यांत नव्यानं ठरवलं नव्हतं. ते ४७ वर आणावं लागलं, आणि चार किलो मांस अंगावर परत चढवायला पुढचं वर्ष गेलं. तेव्हापासून मी रिपोर्टआधी माणसाचा दंड बघते. तुम्ही मामांचा बघा. कानशिलं खोल गेली आहेत का, खांद्याचं हाड वर आलंय का, सदरा खांद्यावरून ओघळतो का. तसं असेल तर मंगळवारी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: यांचं ड्राय वेट परत बघता का?

अंडं-मांस नसलेल्या घरात साठ ग्रॅम प्रथिनं जमतात. मी तुमच्या घरचंच ताट धरून सांगते.

दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकऱ्या, तुमच्याकडच्या हाताच्या, म्हणजे साठेक ग्रॅम पिठाची एक, यातून १८ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, १४ ग्रॅम. ७० ते ८० ग्रॅम घरचं पनीर, १३-१४ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या कोरड्या वजनानं २० ग्रॅम, म्हणजे छोटी मूठ, १० ग्रॅम. वाटीभर दही ४, चहातलं दूध ३, भाताचे दोन. झाले पासष्टच्या आसपास. साखरेमुळे ज्वारी बंद करायला सांगणारे भेटतील, फॉस्फरसमुळे बंद करायला सांगणारेही भेटतील. धान्यातलं फॉस्फरस अंगात फार कमी शोषलं जातं. भाकरी काढून घेतली तर मामांच्या ताटात मामांचं काही राहत नाही. भाकरी ठेवा.

पनीर जुन्या कागदावर बंद आहे आणि मी ते रोज द्या म्हणते, त्याचं कारण सांगते. अर्धा लिटर दूध तापवून त्यात लिंबू पिळलं की ते फाटतं. फडक्यातून गाळल्यावर प्रथिनं फडक्यात राहतात आणि पोटॅशियम बहुतेक खाली निवळीत जातं. ती हिरवट निवळी पोरांच्या पोळ्यांच्या कणकेत घाला, मामांच्या नको. दूध प्यायला दिलं तर प्रथिनांबरोबर पाणी, पोटॅशियम सगळंच पोटात जातं. पनीरमध्ये तेच दूध, पण नको ते गाळून. घरीच करा, त्यात मीठ नसतं.

डाळीलाही हाच न्याय, आणि हा तुम्हाला शिकवायची गरज नाही, पुरणपोळी करताना तुम्ही तो करताच. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून चाळणीवर ओतली की खाली कट उतरतो. डाळीतलं बरंच पोटॅशियम त्या कटात असतं. म्हणून सणाला मामांना अर्धी पुरणपोळी तुपाबरोबर द्यायला हरकत नाही, साखर त्या दिवशी तपासायची एवढंच, पण कटाची आमटी त्यांच्यासाठी नाही. रोजच्या तुरीच्या डाळीलाही तसंच: तासभर भिजवायची, ते पाणी टाकायचं, उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवायची, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग घोटायची. वरण घट्ट होतं, त्यामुळे पाणीही कमी जातं. सोयाच्या वड्या उकळून, पिळून, परत गरम पाण्यात घालून पुन्हा पिळायच्या.

भाज्या उकडून देता असं लिहिलंय. उकडलेलं पाणी टाकता का? नुसती वाफवली किंवा कुकरमध्ये त्याच पाण्यात शिजवली तर काहीच साधत नाही. सोलून, बारीक चिरून, भाजीच्या चौपट-पाचपट पाण्यात खळखळ उकळायची आणि ते पाणी मोरीत. साधारण निम्मं पोटॅशियम त्याबरोबर जातं. पण हे सगळ्याच भाज्यांना करू नका, चव मरते. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी, ढोबळी मिरची नुसत्या फोडणीला टाका. बटाटा, वांगं, गवार, पालेभाजी यांना उकळून घ्या. उकळलेलं वांगं शेंगदाण्याच्या कुटाऐवजी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आणि तुमच्या काळ्या तिखटात परतलं तर मामा ताटावरून उठणार नाहीत. शेंगाचटणीचा एक चमचा भाकरीबरोबर खुशाल द्या. त्यात पोटॅशियम चाळीस मिलीग्रॅमसुद्धा नसतं. मूठभर शेंगदाणे आणि चमचाभर चटणी यांना एकाच माळेत ओवायचं नाही. चटणी मात्र घरी कुटलेली, मीठ निम्मं.

आणि तूप, तेल. डायलिसिसच्या घरांत हे उगाच कमी करतात. पोटाला एकूण जोम कमी पडला तर शरीर खाल्लेली प्रथिनंच जाळून टाकतं, आणि पनीरची सगळी मेहनत वाया जाते. मामांना दिवसाला साधारण १७५० ते २००० कॅलरी हव्यात. भाकरीवर तूप घाला.

तीन स्वयंपाकांचं आता. एकच करायचा, मामांच्या हिशोबाचा, आणि सगळ्यात शेवटी मीठ. भाजी-वरण शिजलं की मामांची वाटी आधी काढून घ्यायची, मग बाकीच्या पातेल्यात मीठ. डाळ निथळून केलेली असली तर ओतलेल्या पाण्याची घरच्यांना आमटी होते, काही वाया जात नाही. मामांसाठी सकाळी एका डबीत चहाचा एक सपाट चमचा मीठ भरून ठेवा, ५ ग्रॅम. ते दिवसभराचं. भाकरीच्या पिठात अजिबात नको. ती डबी मामांच्या हातात द्या, कुठल्या घासावर घालायचं ते त्यांना ठरवू दे. वरून भुरभुरलेलं मीठ जिभेला लगेच लागतं, शिजलेलं तितकं लागत नाही. पापड, लोणचं, सांडगे, खारवलेली मिरची या डबीत बसत नाहीत. लिंबाची फोड, कोथिंबीर, लसूण, जिरं यांना मोकळीक आहे. डायलिसिसच्या माणसाच्या तोंडाला कडवट, धातूसारखी चव येते, ती लिंबानं थोडी मरते.

पाणी: लघवी होते तेवढं अधिक ५००, म्हणजे मामांना दिवसाला ८०० मिली. त्यात चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचा घोट सगळं आलं. मी घरोघरी एकच युक्ती सांगते. सकाळी बाटलीत ८०० मिली भरून मामांच्या खाटेशी ठेवा. चहा प्यायला, तर चहाइतकं पाणी बाटलीतून झाडाला घालायचं. आमटी घेतली, तर तेवढं. बाटलीत उरलं ते त्यांचं. दोन डायलिसिसच्या मधे वजन सव्वादोन किलोच्या आत वाढायला हवं. वाढलं तर त्यांच्यावर ओरडण्याआधी आदल्या दिवशी काय खारट झालं ते आठवा. खारट खाल्लं की तहान लागणारच, त्या तहानेपुढे कोणाचंच मन टिकत नाही. साखर चढली तरी तहान लागते.

फॉस्फरसची गोळी तुम्ही जेवणानंतर तासाभरानं देता. ती औषध म्हणून रक्तात जाऊन काम करत नाही. ती पोटातल्या अन्नात मिसळून त्यातलं फॉस्फरस धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. तासाभरानं दिली तर ती अन्नात नीट मिसळतच नाही. पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर द्या. ताट वाढताना ताटाच्या कडेला, लिंबाच्या शेजारी गोळी वाढा.

आणखी एक, कारण मामांना साखर आहे. किडनी गेल्यावर इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून जुनाच डोस चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या कप पाण्यात. मोसंबीचा रस नाही, शहाळं नाही. डायलिसिसला जाताना खिशात साखरेची पुडी असू दे, आणि सकाळी न खाता पाठवू नका.

दारावरचा कागद काढून टाका. नवीन कागद तुमच्या केंद्रातल्या आहारतज्ज्ञांकडून, मामांचे ताजे रिपोर्ट पुढे ठेवून लिहून घ्या, त्यावर तारीख घाला. दर तीन महिन्यांनी तो बदलायचा.

ताई, माझ्या यजमानांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकली ते सांगणारा रक्तातला आकडा, २.६ आहे, डायलिसिस नाही. शेजारच्या दादांना डायलिसिसवर रोज चार अंड्यांचा पांढरा भाग खायला सांगितलाय. त्यांची तब्येत सुधारली. मग यांनाही देऊ का? आम्ही मासे रोज खातो. आणि आमच्या परसात कमरखाचं झाड आहे, ते आंबट फळ यांना फार आवडतं.
— एक वाचक, रत्नागिरी

वहिनी, शेवटचं आधी. कमरख, कापल्यावर चांदणीसारखा काप दिसतो ते फळ, यजमानांना आजपासून एक फोडही नको. त्यात एक विषारी द्रव्य असतं जे निरोगी किडनी बाहेर टाकते. कमजोर किडनी असलेल्या माणसाला त्यानं न थांबणारी उचकी लागते, तो गोंधळतो, झटके येतात, जीवही गेलेले आहेत. मी स्वतः एक उचकीचा पेशंट पाहिला आहे, तीन दिवस घरचे त्याला साखर चाटवत होते. फळ खाल्लं आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

अंड्यांचं उत्तर बार्शीच्या पत्राच्या उत्तरात आहे, फक्त उलट्या बाजूनं. शेजारच्यांचा कचरा मशीन काढतं, यजमानांचा त्यांच्याच किडन्यांना काढायचा आहे. त्यांना प्रथिनं मोजूनच: वजनाला ०.६ ते ०.८ नं गुणा, तेवढे ग्रॅम दिवसाचे. भाकरी, भात, डाळ यांतून बरीचशी येतात, वर सुरमईचा किंवा पापलेटचा एक तुकडा, तळव्याहून लहान. रोज मासा असेल तर त्या दिवशी डाळ कमी. सुकट, खारा बांगडा, सुके बोंबील पूर्ण बंद, प्रथिनांमुळे नाही, मिठामुळे. रक्तदाब चढला की किडनी लवकर जाते. दोन शेजाऱ्यांचा आजार एकच असला तरी आहार एक नसतो. दादांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तो त्यांच्या ताटाचा आहे.

मी ३१ वर्षांचा आहे, चाकणला कारखान्यात काम करतो, खोलीवर एकटा राहतो. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी डायलिसिस. मेसचा डबा खातो, त्यात मी काय बदलणार? अंडी खातो.
— एक वाचक, चाकण

बरंच बदलता येतं, आणि खोलीत फक्त एक विजेची किटली पुरते. डब्यातल्या भाजीच्या फोडी उचलून खायच्या, रस्सा सोडायचा. पोटॅशियम आणि मीठ दोन्ही रश्श्यात उतरलेलं असतं, पाणी तर असतंच. पोळी-भात पूर्ण खा, पापड-लोणचं डब्यातच राहू दे. डबा देणाऱ्या मावशींना एकदा भेटून आजाराचं नाव सांगा. भाजीतलं मीठ त्यांना तुमच्यासाठी बदलता येणार नाही, पण तुमच्या पोळ्या बिनमिठाच्या करणं आणि बटाट्याच्या दिवशी दुसरं काही घालणं त्यांना जमतं. माझ्या ओळखीच्या पेशंटांच्या बहुतेक मेसवाल्यांनी सांगितल्यावर ऐकलं आहे.

किटलीत रोज अंडी उकडा. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. दिवसाला एक पूर्ण अंडं आणि तीन-चार पांढरे भाग, मिरपूड आणि लिंबू लावून. कारखान्याच्या कँटीनमधले पोहे बटाटा-शेंगदाणे बाजूला काढून चालतील. चायनीजच्या गाडीवरचे सॉस नकोत, आणि काळी कोला तर अजिबात नको. तिच्यातलं फॉस्फरिक आम्ल जवळपास पूर्ण रक्तात जातं, हाडं ठिसूळ होतात, अंगाला खाज सुटते.

डायलिसिस चालू असताना भरपेट खाल्लं तर रक्त पोटाकडे जाऊन रक्तदाब पडतो, म्हणून डबा तिथे उघडू नका. कामावरून निघताना दोन अंडी आणि पोळी खाऊन जा, डबा परत आल्यावर. एकटे राहता, म्हणून केंद्रातल्या सिस्टरांकडे आणि खोलीच्या शेजारी राहणाऱ्या एकाकडे तरी एकमेकांचे नंबर देऊन ठेवा, आणि मला पुढच्या महिन्याचे पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन हे तीन आकडे लिहून पाठवा.